एका दालनाचं घर: क्वेकर सभाघराची रीत, कोकणच्या पावसात

बाणकोटपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगतच्या गावांत एकच मोठं दालन असलेल्या जुन्या इमारती अजून उभ्या आहेत. कुणाची खाजगी शाळा, कुणाची वखार, एखादं प्रार्थनाघर, एखादं वाचनालय. जांभ्याच्या पंधरा ते अठरा इंची भिंती, दोनपाखी छप्पर, मंगलोरी कौलं आणि आत एकही आडभिंत नाही. अशी इमारत राहण्यासाठी घेतली की बहुतेक ठिकाणी काम एकाच वळणाने जातं. मध्ये विटांच्या भिंती घालतात, त्यांवर स्लॅब टाकतात आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा मारतात. दोनतीन पावसाळ्यांत भिंतींना लोणा लागतो, मधल्या खोल्यांत दिवसा दिवा लावावा लागतो आणि ज्या मोकळ्या दालनावर जीव जडला होता ते कुठेच उरत नाही.

हे टाळायचं असेल तर आधी इंग्लंडातली एक साधी इमारत समजून घ्यावी: क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं सभाघर. एकाच दालनातून किती प्रकारचा वापर काढता येतो हे त्या लोकांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी लाकूड आणि दगडात सोडवून ठेवलं आहे. तिथली अशी कित्येक छोटी सभाघरं पुढे विकली गेली आणि आज त्यांत कुटुंबं राहतात.

सभाघराची रचना

या पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स आणि त्यांचे सोबती १६५० च्या दशकात इंग्लंडभर फिरू लागले. त्यांच्या उपासनेत पुरोहित नाही, वेदी नाही, ठरलेली प्रार्थना नाही. सगळे शांत बसतात. ज्याला आतून बोलावंसं वाटेल तो किंवा ती उठून बोलते. चर्च म्हणजे माणसं, इमारत नव्हे, अशी त्यांची धारणा, म्हणून इमारतीला नाव दिलं नुसतं सभाघर. १६६४ च्या कायद्याने घरच्या माणसांखेरीज पाच किंवा अधिक जणांनी अशा उपासनेसाठी जमणं गुन्हा ठरवलं. ती बंधनं सैल झाली १६८९ च्या कायद्याने. पण त्याआधीच हर्टफर्डचं सभाघर १६७० मध्ये आणि कंब्रियातलं ब्रिगफ्लॅट्स १६७५ मध्ये उभं राहिलं. बकिंगहॅमशरमधलं जॉर्डन्स १६८८ चं. ही घरं गावातल्याच गवंड्यांनी आणि सुतारांनी बांधली, आजूबाजूच्या शेतघरांसारखी. मनोरा नाही, रंगीत काच नाही. म्हणूनच त्यांचं पुन्हा घर करणं अवघड जात नाही. मुळात ती घराच्याच हाताने बांधलेली आहेत.

आत गेल्यावर चार गोष्टी दिसतात. भिंतींलगत आणि मधल्या जागेत साधी बाकं. एका टोकाला एकदोन पायऱ्या उंच केलेलं, सभेकडे तोंड करून बसायचं लांब बाक; तिथे वडीलधारे आणि नेहमी बोलणारे बसत. खिडक्या साध्या काचेच्या आणि अनेक ठिकाणी उंचावर घेतलेल्या, म्हणजे बसलेल्या माणसाला आभाळ दिसतं, रस्ता दिसत नाही. चौथी गोष्ट आपल्या सगळ्यांत उपयोगाची: दालन दुभागणारा फळ्यांचा पडदा. क्वेकरांत स्त्रियांची कामकाजाची सभा वेगळी भरे. उपासनेला फळ्या उघड्या ठेवायच्या आणि कामकाजाच्या वेळी बंद करायच्या. या फळ्या कुठे बिजागरीवर वर उचलल्या जात, कुठे वजन लावलेल्या दोरीवर खालीवर सरकत. भिंत न घालता दोन खोल्या. ब्रिगफ्लॅट्सला तर जिन्याच्या पायथ्याशी मेंढपाळांच्या कुत्र्यांसाठी छोटं लाकडी कुंपणही आहे. दालन एकच, पण प्रत्येकाची सोय लाकडात केलेली.

आपल्या इमारतीसाठी यातून एक नियम निघतो आणि पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे: जांभा आणि छप्पर यांना हात कमी लावायचा, खोल्या लाकडाच्या करायच्या आणि त्या भिंतीला चिकटवायच्या नाहीत.

पुढचे आकडे एका ठरावीक दालनाचे आहेत: आतून २० बाय ४० फूट, भिंतीची उंची १२ फूट, जाडी दीड फूट, दर १० फुटांवर एक अशा तीन कैच्या (छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे), छपराचा उतार ३० अंश. आढं जमिनीपासून सुमारे पावणेअठरा फुटांवर येतं. तुमचं दालन वेगळं असेल तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

हात लावण्याआधी

कागद आधी. इमारत एखाद्या विश्वस्त संस्थेची असेल तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे विक्रीला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर पुढचा खर्च वाऱ्यावर. किनाऱ्याजवळ असाल तर सीआरझेड, म्हणजे किनारी क्षेत्रातल्या बांधकामाचे नियम, पाहा. ना-विकास क्षेत्रात आधीच्या अधिकृत बांधकामाची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी चालते, पण जोत्याचं क्षेत्र आणि चटईक्षेत्र पूर्वीइतकंच ठेवून. म्हणून एकही चिरा हलवण्याआधी जोत्याची मापं, चारही बाजूंचे फोटो आणि ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा एकत्र करून ठेवा. नंतर ‘पूर्वी इतकंच होतं’ हे सिद्ध करायला दुसरं काही हाताशी नसतं. वापर बदलाची परवानगी वेगळी मागावी लागते, हेही विसरू नका.

इमारत पूर्वी प्रार्थनेची असेल तर देणगीदारांच्या नावाचा दगड, कोनाडा, घंटेचा आकडा असल्या गोष्टी काढण्याआधी त्या समाजातल्या जुन्या माणसांना बोलावून विचारा. त्यांना हवं असेल ते आदराने द्या, बाकीचं जागेवर राहू द्या.

जमलं तर एक पूर्ण पावसाळा नुसता पाहण्यात घालवा. ओल कुठपर्यंत चढते तिथे दर पंधरा दिवसांनी खडूने रेघ मारून तारीख लिहा. ओल वरून खाली उतरत असेल तर दोष कौलांचा, खालून वर चढत असेल तर जमिनीचा, आणि मध्येच एखादा पट्टा ओला असेल तर पश्चिमेकडून मारणाऱ्या पावसाचा किंवा फुटक्या सांध्याचा. तिन्हींची औषधं वेगवेगळी आहेत. भिंतीला भेग असेल तर तिच्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही बाजूंना चिकटवून तारीख घाला. पट्टी वर्षभर शाबूत राहिली तर भेग जुनी आणि निवांत आहे, चुन्याने भरून चालेल. तुटली तर पाया किंवा छप्पर अजून हलतंय. अशा वेळी इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

छप्पर

या घराचा जीव छपरात आहे, म्हणून इथे घाई नको.

आधी लाकूड तपासा. कैचीची तळची आडवी तुळई जिथे भिंतीत शिरते ती दोन्ही टोकं बहुतेक वेळा कुजलेली असतात, कारण तिथे हवा पोचत नाही. जाड पेचकस दाबून पाहा. पाव इंचाच्या आत अडला तर लाकूड धड आहे. अर्धा इंच सहज गेला तर तो भाग काढावा लागेल. सगळी तुळई बदलायची गरज क्वचितच पडते. कुजका भाग कापून त्याच लाकडाचा नवा तुकडा तिरक्या लांब सांध्याने जोडतात. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या तिप्पट तरी हवी, आणि आरपार स्टेनलेस स्टीलचे बोल्ट. समुद्राजवळ साधं लोखंड काही वर्षांत फुगतं आणि लाकूडच फाडतं, म्हणून ३१६ प्रतीचं स्टेनलेस घ्या. टोक पुन्हा भिंतीत बसवताना तिन्ही बाजूंनी अर्धा इंच मोकळी जागा ठेवा. नवं लाकूड घ्यायचं तर सागवान किंवा जुनं पिकलेलं फणसाचं. फणसाला वाळवी सहसा लागत नाही आणि कोकणात ते जवळच मिळतं.

आता या कामातली सर्वांत मोठी चूक. माळ्यावर डोकं लागतं म्हणून कैचीची तळची तुळई कापून टाकतात. ही तुळई काही धरून बसलेली दिसत नाही, पण वासे भिंतींना बाहेर ढकलतात आणि ती त्यांना आत ओढून ठेवते. आपल्या दालनाचं छप्पर वळचणीसकट साधारण १,४५० चौरस फूट भरतं. मंगलोरी कौल चौरस फुटाला दीड या हिशेबाने २,२०० कौलं लागतात, एकेक अडीच ते तीन किलोचं. कोरडी कौलं सहा टनांच्या आसपास, पावसात भिजून आणखी जवळपास एक टन. तुळई कापली की हे सगळं वजन जांभ्याच्या भिंती बाहेर फेकू लागतं. पहिल्या वर्षी भिंतीच्या माथ्यावर आडवी भेग दिसते, पुढे आढं मध्ये खचतं. तुळई कापू नये, तिला छेद देऊ नये, तिच्यावर माळाही टेकवू नये.

कौलं उतरवताना पाखीप्रमाणे वेगळी रचा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या साच्यांत थोडाफार फरक असतो. एका पाखीवर दोन जातींची कौलं मिसळली की खाचा नीट बसत नाहीत आणि पाणी आडवं शिरतं. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढल्यानंतर असे कारखाने किनारपट्टीवर पुष्कळ झाले, त्यामुळे जुन्या छपरावर तीन-चार ठशांची कौलं सापडणं नेहमीचं आहे. मागचा ठसा पाहून निवडा. शाबूत कौल बोटाने वाजवलं तर खणखणीत वाजतं, भेगेचं बद्द वाजतं. नव्यांची भर घालताना दहा टक्के जास्त घ्या आणि उरलेली सावलीत उभी रचून ठेवा. रिपांचं, म्हणजे कौलं पेलणाऱ्या आडव्या पट्ट्यांचं, अंतर पुस्तकातून घेऊ नका. साधारण साडेबारा इंच येतं, पण हातात असलेलं कौल दोन रिपांवर ठेवूनच पक्कं करा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत किती छपरं उडवली ते लोक विसरलेले नाहीत. वारा कौलांना वरून दाबत नाही, वळचणीखालून शिरून उचलतो. म्हणून वळचणीच्या दोन ओळी, आढ्यालगतच्या दोन ओळी आणि दोन्ही टोकांचे पट्टे तांब्याच्या तारेने रिपेला बांधा. कौलाच्या पाठीला त्यासाठी भोक असतं. मधली कौलं सुटी राहू द्या, म्हणजे फुटलेलं एखादं बदलायला सगळी पाखी उकलावी लागणार नाही. आढ्यावरची कोनाची कौलं चुना-सुरखीत (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) बसवा. निव्वळ सिमेंटात बसवली तर उन्हाने लाकूड हलतं, सिमेंट हलत नाही, आणि तडा आढ्यावरच जातो.

उजेडासाठी उत्तरेच्या पाखीत काचेची कौलं घाला. ८०० चौरस फुटांच्या दालनाला दहा-बारा पुरतात. दक्षिणेला घातली तर ऑक्टोबर ते मार्च दुपारचं थेट ऊन आत उतरतं.

भिंती

१८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन याने मलबारात पाहिलेल्या या दगडाला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून लॅटेराइट नाव दिलं. त्यात जांभ्याचा स्वभाव बरोबर पकडला आहे: खाणीत असताना कापता येण्याइतका मऊ, हवेवर आला की कडक. आणि सच्छिद्र. जांभ्याची भिंत पाणी पिते आणि पाऊस थांबला की सोडते. तिला सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिक रंग चढवला की पिणं चालूच राहतं, कारण खालून जमीन आणि वरून बारीक तडे असतातच. फक्त सोडणं बंद होतं. मग पाणी आतल्या बाजूने निघतं, सोबत मीठ आणतं, मीठ पृष्ठभागाशी साकळून फुगतं आणि दगडाचं पीठ पाडतं. यालाच आपण लोणा म्हणतो. त्यावर पुन्हा सिमेंट मारलं की लोणा आणखी दोन फूट वर चढतो.

सिमेंटचा गिलावा असेल तर छिन्नीने हळू काढा, ब्रेकर लावू नका. मग भिंतीला एक उन्हाळा उघडी वाळू द्या. सुटलेलं मीठ कोरड्या कुंच्याने झाडा. धुऊ नका, पाण्याने ते पुन्हा आत जातं.

सांधे भरण्यासाठी चुना हवा. विझवलेला चुना निदान महिनाभर पाण्याखाली मुरू द्यावा. आतल्या भिंतींना एक भाग चुना आणि तीन भाग नदीची वाळू. पावसाच्या तोंडावरच्या भिंतींना एक भाग चुना, एक भाग सुरखी आणि दोन भाग वाळू, कारण सुरखीमुळे चुना दमट हवेतही धरतो. समुद्राची वाळू कितीही धुतली तरी नको. लोणा आपणच भिंतीत भरल्यासारखं होतं. सांधा इंचभर खोल खरवडा, भिंत आदल्या दिवशी भिजवा, माल दाबून भरा आणि सात दिवस ओल्या गोणपाटाने झाका. भिंतींचं चुन्याचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. एप्रिलच्या उन्हात माल लवकर सुकून भुसभुशीत होतो, पावसात धरतच नाही. वरून चुन्याची सफेदी दुधाइतकी पातळ, चार-पाच हात. एकाच जाड हाताची पोपडी निघते.

ओलीचं मूळ बरेचदा बाहेर असतं. वर्षानुवर्षं अंगणात माती चढून जोतं अर्धं पुरलेलं सापडतं. जमीन खोदून जोतं पुन्हा निदान दीड फूट उघडं करा. पागोळ्या पडतात त्या रेषेखाली फूटभर रुंद, फूटभर खोल चर खणून जाड खडीने भरा आणि उतार देऊन पाणी दूर काढा. यामुळे शिंतोडे भिंतीवर उडत नाहीत. वळचण भिंतीपासून अडीच फूट पुढे हवी. नैर्ऋत्य आणि पश्चिमेच्या भिंतीला तेवढीही पुरत नाही. तिथे पडवी नसेल तर पावसाळ्यापुरती झावळ्यांची झापं बांधण्याची जुनी रीत अजूनही स्वस्त आणि पक्की आहे.

जमीन

जुनी जमीन उकरून सिमेंट काँक्रीट ओतलं की खालची ओल कडेला सरकते आणि भिंतीतून वर चढते. ‘जमीन नवी केल्यावर भिंती ओल्या झाल्या’ असं लोक सांगतात, त्याचं कारण हेच. त्याऐवजी पायाच्या वरच थांबून उकरा, सहा इंच जाड खडी बारीक चुरीशिवाय पसरा, त्यावर चार इंच चुना-सुरखीचं काँक्रीट आणि वर फरशी चुन्यातच. फरशी भिंतीपासून चार इंच आत थांबवा आणि ती पट्टी गोट्यांनी भरा. दिसायला छान दिसते आणि भिंतीच्या पायथ्याला श्वास मिळतो.

खोल्या

आता क्वेकरांकडे परत. ४० फुटांचे चार खण आहेत: टोकाचे दोन आणि मधले दोन. मधल्या दोन खणांचं २० बाय २० चं दालन जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळं सोडा. हेच घराचं माजघर, ओटी आणि जेवणघर. एका टोकाचा खण ओला, म्हणजे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. दुसरा कोरडा, म्हणजे झोपण्याची खोली आणि तिच्यावर माळा.

माळा पहिल्या कैचीच्या आत, साडेनऊ फुटांवर संपवा. या एका मापावर सगळं जमतं किंवा बिघडतं. माळ्याची वरची बाजू सव्वाआठ फुटांवर घेतली तर खालच्या खोलीला पावणेआठ फूट उंची मिळते आणि वर आढ्याखाली साडेनऊ फूट. पण कैचीची तुळई १२ फुटांवर आहे, म्हणजे माळ्यापासून फक्त पावणेचार फूट. माळा तिच्या पुढे नेला, किंवा जिना दालनातून चढवून तिच्याखालून आत आणला, की कपाळमोक्ष ठरलेला. आणि मग कुणीतरी करवत घेऊन तुळईकडे पाहू लागतो. म्हणून जिनासुद्धा टोकाच्या खणातच, रुंदीच्या दिशेने. बाजूच्या भिंतीपासून सुरू होऊन तो आढ्याखाली, सर्वांत उंच जागी पोचला पाहिजे. सव्वाआठ फुटांना १३ पायऱ्या, प्रत्येकी साडेसात इंचांहून किंचित जास्त, पाय ठेवायला दहा इंच. जिन्याची लांबी दहा फूट, रुंदी तीन.

माळा भिंतीत खोचू नका. पाच इंची चौरस खांबांच्या दोन रांगा, रांगेत चार. प्रत्येकाखाली दगडी तळखडा आणि त्याखाली स्वतंत्र पाया. खांब भिंतीपासून दोन इंच सुटे. रांगेवर चार बाय आठ इंची तुळई, तिच्यावर दर दीड फुटाला अडीच बाय सहा इंची सरे आणि वर इंचभर जाड फळ्या. असा माळा उद्या काढायचा झाला तर इमारतीला एक ओरखडाही उरत नाही, आणि भिंतीची ओल लाकडात शिरत नाही.

मधल्या दालनाला रात्री दोन भागांत वाटायचं असेल, पाहुणे आले असतील, तर सभाघरासारखा फळ्यांचा पडदा करा. वजन-दोरीचं काम आपल्याकडे सहज होत नाही. पण जुन्या बाजारपेठेतल्या दुकानांच्या फळ्या प्रत्येक सुताराला माहीत आहेत. मधल्या कैचीच्या रेषेत, तुळईला न अडकवता, सात फुटांवर स्वतंत्र आडवी चौकट खांबांवर उभी करा. वरची खाच इंचभर खोल, खालची अर्धा इंच. फळी आधी वर सारायची आणि मग खाली सोडायची, की ती बसली. प्रत्येक फळी अडीच फूट रुंद, सव्वा इंच जाड, चौकटीत दिलहे (खाचेत बसणारे पातळ फळीचे तुकडे) घालून केलेली. २० फुटांना आठ. त्यांना आकडे घाला, कारण दोन फळ्या कधीच अगदी सारख्या होत नाहीत. उन्हाळ्यात घट्ट बसवलेली फळी जुलैत हलणार नाही. दोन फळ्यांमध्ये पाव इंच सैल ठेवा आणि दिलहे खाचेत सुटे सोडा, सरस लावू नका.

भिंतींलगत बाकं: उंची साडेसोळा इंच, खोली सोळा, भिंतीपासून इंचभर सुटी, खाली सामान. यांच्यामुळे दालनाची मधली जागा मोकळी राहते. मोठ्या दालनात आवाज घुमतो तो लाकूड, चटया आणि कापडाने मवाळ होतो. इमारतीत जुना उंच चौथरा असेल, शाळेतला मास्तरांचा किंवा प्रार्थनाघरातला, तर तो फोडू नका. इंग्लंडात घर झालेल्या सभाघरांत वडीलधाऱ्यांचं उंच बाक बहुधा सर्वांत आधी अडचण वाटून काढलं जातं, आणि मग दालनाला टोकच राहत नाही. आपल्या चौथऱ्यावर देव्हारा, पुस्तकं किंवा लिहायचं मेज शोभेल.

खिडक्या उंच असतील तर समुद्र दिसावा म्हणून त्या खाली आणण्याचा मोह होतो. दोन्ही उभ्या बाजू तशाच ठेवून उंबरा खाली घेतला तर भिंतीला धोका कमी, कारण त्या भागावर वरचं वजन येत नाही. रुंदी वाढवायची तर नवी वरची पाटी लागते, दोन्हीकडे नऊ इंच टेकलेली, आणि ती बसेपर्यंत वरच्या भिंतीला धिरे. पश्चिमेची खिडकी मात्र उंचच राहू द्या. संध्याकाळी तिच्यातून येणारा उजेड समोरच्या भिंतीवर पसरतो आणि पाऊस आत येत नाही.

ओला खण

न्हाणीघराची भिंत जांभ्याला टेकवू नका. चार इंच पोकळी सोडून चार इंची विटांची किंवा ब्लॉकची वेगळी भिंत बांधा आणि पोकळीला खाली-वर जाळी ठेवा. नळ या नव्या भिंतीत. जांभ्यात खाच मारून नळ पुरला आणि तो ठिबकला तर वर्षभर कळत नाही, तोवर चिरा लगदा झालेला असतो. विजेच्या तारांनाही खाच नको. लाकडी पट्ट्यांतून किंवा पाइपातून वरूनच न्या.

चार इंची सांडपाण्याच्या पाइपाला ४० फुटांत एक फूट उतार आणि प्रत्येक वळणावर चेंबर. पाच माणसांना सेप्टिक टाकी आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, पाण्याची खोली एक मीटर, वर ३० सेंटिमीटर मोकळं. शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ मीटर. पण जांभ्याच्या कातळात पाणी पोकळ्यांतून धावतं, म्हणून जागा असेल तर दुप्पट अंतर ठेवा आणि विहिरीच्या उताराकडच्या बाजूलाच खणा.

कामाचा क्रम

दसऱ्यानंतर कौलं उतरवा. लाकूड आणि शाकारणी नोव्हेंबरअखेर उरका, भिंती उघड्या करून वाळत ठेवा. सिमेंट निघालेल्या भिंतींचे सांधे घाईने त्याच हिवाळ्यात भरू नका. लोणा जास्त असेल तर ते काम पुढच्या हिवाळ्यावर टाका आणि तोवर फक्त पावसाच्या तोंडाची बाजू झाकून घ्या. माळा आणि फळ्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, जमीन एप्रिलमध्ये. मृगाच्या आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्यात, एका माणसाने छपरावर आणि एकाने आत उभं राहून प्रत्येक ओळ पाहायची: आतल्याला उजेडाचा ठिपका दिसला की तो काठीने खूण करतो, वरचा कौल नीट बसवतो. कौलांवर चालताना पाय रिपेच्या रेषेवर, फळी टाकून.

पहिल्या जोराच्या पावसात विजेरी घेऊन तीन जागा पाहा: कैचीच्या तुळईची टोकं, टोकाच्या भिंतीचा माथा जिथे कौल संपतं, आणि फरशीभोवतीची गोट्यांची पट्टी. गोटे ओले दिसले तर घाबरू नका, ते त्यासाठीच आहेत. त्यांत पाणी साचलं असेल तर बाहेरचा चर तुंबला आहे. पाऊस उघडताच तो मोकळा करा.